तीन वर्षांच्या मुलाला कुठं घालू? गावची बालवाडी, अंगणवाडी की फोंड्यातली मोठी नर्सरी

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मुलगा मे महिन्यात ३ वर्षांचा होईल आणि घरात सध्या एकच विषय आहे, जूनला त्याला कुठं घालायचं. आम्ही गोव्यात फोंड्यापासून पाच-सहा किलोमीटरवरच्या गावात राहतो, नवरा वेर्ण्याला कंपनीत, सकाळी साडेसातला घर सोडतो, मी घरूनच थोडं अकाउंट्सचं काम करते, सासूबाई आहेत घरात.

तीन पर्याय आहेत. एक फोंड्यातली मोठी शाळा, नर्सरीपासून दहावीपर्यंत, व्हॅन घरापर्यंत येते, म्हणजे एकदा घातलं की पुढची चिंता नाही असं सगळे सांगतात. दुसरा गावातली बालवाडी, सरकारी प्राथमिक शाळेच्याच एका खोलीत भरते, २२ मुलं, एक बाई आणि एक मदतनीस. तिसरा वाड्यावरची अंगणवाडी, घरापासून चालत चार मिनिटं. सासूबाईंचं म्हणणं आणखी एक वर्ष घरातच राहू दे, आमची मुलं सहाव्या वर्षी शाळेत गेली, काय बिघडलं.

मोठ्या शाळेत जाऊन आले. इमारत छान, टॉयलेट स्वच्छ, हे आधी सांगते. पण वर्गात एक मुलगी बघितली, फार तर साडेतीन वर्षांची असेल, चाररेघी वहीवर स्लीपिंग लाईन (आडव्या रेघा) काढत होती. पेन्सिल ती डाव्या हातात घ्यायची, मॅडम येऊन उजव्या हातात द्यायच्या, मॅडम वळल्या की परत डाव्या हातात. रेघ ओढताना तिचा खांदा पार कानापर्यंत चढलेला. मग कागद फाटला आणि तिनं पहिल्यांदा मॅडम कुठं आहेत ते बघितलं आणि वही छातीशी धरली. ते मला रात्री झोपताना दिसत होतं.

शिवाय ऑफिसात सांगितलं की आजपासूनच घरात फक्त इंग्लिश बोला. आमच्याकडे सासूबाई आणि नवरा कोंकणी बोलतात, माझं माहेर सावंतवाडी म्हणून मी मराठी, आणि मुलगा म्हणतो "आई, म्हाका उदक (मला पाणी) पाहिजे". ह्यात काही चुकतंय का आमचं? कोणी अनुभव सांगाल तर बरं होईल, फॉर्मची तारीख जवळ आलीय.

म्हापशाची_आई
वाचतेय. माझी मोठी आत्ता केजी टूला आहे, संध्याकाळी निवांत लिहिते.

बालवाडीच्या_बाई
बाय, तुला तू म्हणते, माझी मुलगी तुझ्या वयाची आहे. ३१ वर्षं बालवाडी चालवली, चार वर्षांपूर्वी थांबले.

तू त्या मुलीचा खांदा बघितलास ते बरोब्बर बघितलंस. मुलाचा हात आधी खांद्यातून चालतो, मग कोपरातून, मग मनगटातून आणि सगळ्यात शेवटी बोटांतून. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात ना, जन्माच्या वेळी ती कूर्चा असतात, मऊ, आणि एकेक करून त्यांचं हाड बनत जातं. ३ वर्षांच्या मुलाची त्यातली निम्मी पण झालेली नसतात. अशा हातात बारीक पेन्सिल देऊन दोन रेघांच्या मधे लिही म्हटलं की तो जीव सगळा जोर खांद्यातून आणतो, म्हणून कागद फाटतो. मुलगी आळशी नाही आणि मठ्ठही नाही, हात तयार नाही एवढंच. डाव्या-उजव्याचं तर सांगूच नको. ह्या वयात कितीतरी मुलं हात बदलून बघतात, चार-पाच वर्षांपर्यंत त्यांचं ठरतं, आणि डावा ठरला तर डावाच. जबरदस्तीनं बदलू नये.

मग आम्ही काय करायचो, तर लिहिण्याची सगळी तयारी न लिहिता करून घ्यायचो. कणकेचा गोळा मळणं, चिंचोके चिमटीत धरून बाटलीत टाकणं, ओल्या पंच्यानं जमीन पुसून तो पिळणं (पिळण्यानं मनगट जेवढं तयार होतं तेवढं कशानंच होत नाही, माझं ठाम मत आहे), एप्रिलमध्ये काजूच्या बिया घरून यायच्या, त्या मोठ्या-लहान निवडायच्या, दहा-दहाचे ढीग करायचे. वाल सोलणं. भिंतीवर नुसत्या पाण्यात बुडवलेल्या कुंच्यानं मोठमोठ्या रेघा मारणं, वाळलं की परत. पावसाळ्यात पागोळ्यांखाली वाट्या ठेवून कुठली आधी भरते ते बघत बसणं. पाच वर्षांची झाली की ह्याच मुलांनी पेन्सिल हातात घेतली आणि दोन महिन्यांत मुळाक्षरं गिरवली. ज्यांना तिसऱ्या वर्षापासून घरी गिरवायला बसवलेलं ती पण त्याच सुमाराला सुवाच्य लिहायला लागली, मधली दोन वर्षं मात्र त्यांनी रडून काढली.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढलं, आमच्या ताराबाई मोडक तिथं जाऊन शिकल्या, मग १९२६ ला नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. शंभर वर्षं झाली हे सांगून, आपल्याच भाषेत. आणि अजून आपण तीन वर्षांच्या मुलाला रेघा मारायला बसवतो ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पेडण्याचा_बाबा
बाईंबद्दल आदर आहे पण मी दुसरी बाजू लिहितो कारण ती पण खरी आहे. माझा मोठा मुलगा गावच्या बालवाडीत होता, खेळला, नाचला, सगळं छान. पहिलीत शहरातल्या शाळेत घातला तर वर्गातल्या बाकी मुलांना ए टू झेड, शंभरपर्यंत आकडे आणि तीन अक्षरी शब्द येत होते, ह्याला स्वतःचं नाव पण लिहिता येत नव्हतं. पहिल्याच महिन्यात बोलावणं आलं की मुलगा मागे आहे. सहा वर्षांच्या मुलाला "मागे आहे" हा शब्द घरात ऐकू आला, आणि आम्ही रोज संध्याकाळी दोन-दोन तास घेऊन बसायला लागलो. म्हणून धाकटीला अडीच वर्षांची असतानाच मोठ्या नर्सरीत घातली. जगरहाटी अशी आहे तर एकट्या माझ्या मुलानं काय करायचं? हा प्रश्न मी खरंच विचारतोय.

साखळीकर
@पेडण्याचा_बाबा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, पण ती चूक बालवाडीची नव्हती, पहिलीतल्या त्या अपेक्षेची होती. मी थोडी कागदावरची माहिती देतो, शाळेत बोलायला उपयोगी पडेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जुनी १०+२ ची मांडणी जाऊन ५+३+३+४ आली. त्यातली पहिली ५ वर्षं म्हणजे वय ३ ते ८, तीन वर्षं अंगणवाडी/बालवाडी/केजी आणि पहिली-दुसरी, हा सगळा मिळून एकच पायाभूत स्तर. गोव्यात ह्या स्तराची सुरुवात २०२३-२४ पासून झाली. पहिलीसाठी वय ६ पूर्ण. म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा खेळातून शिकण्याच्याच टप्प्यात धरली आहे, बालवाडीला खाली ओढून पहिली बनवायचं नाही, पहिलीला बालवाडीसारखं मोकळं करायचंय. ह्याचा जो अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला त्यात ३ ते ६ वयासाठी पाठ्यपुस्तक ठेवलेलंच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं जादुई पिटारा काढला, त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रं, गोष्टी. आणि केंद्राचं निपुण भारत अभियान जे २०२१ ला सुरू झालं त्याचं उद्दिष्टच आहे की तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मूल समजून वाचेल आणि साधं गणित करेल. तिसरीच्या अखेरीस! आणि आपण केजी वनच्या मुलाच्या मागे लागतो.

शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिलीला प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापाची चाचणी घेता येत नाही. "लिहिता आलं नाही तर पहिलीत घेणार नाहीत" ही भीती घालून जे चालतं त्याला आधार नाही.

पेडण्याचा_बाबा
साखळीकर, माहितीबद्दल आभार. आराखडा कागदावर आहे हे मान्य, पण ऑफिसातल्या माणसासमोर उभं राहिलं की कागद आठवत नाही हो.

अंगणवाडीतली_लेक
अंगणवाडीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी आई सेविका होती, मी अक्षरशः अंगणवाडीत वाढले, झोपाळ्यातून थेट सतरंजीवर.

लोकांना वाटतं अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि पोलिओ. एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला, तिच्यात सहा सेवा आहेत, पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर पुढे दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि सहावं शाळापूर्व शिक्षण. हे सहावं सगळ्यांच्या विस्मरणात जातं. म्हणूनच २०२३ ला "पोषण भी पढाई भी" म्हणून कार्यक्रम काढावा लागला, सेविकांना शिकवण्याचं प्रशिक्षण द्यायला.

आणि हा शब्दच मुळात शिक्षणातून आलाय. ताराबाई मोडक १९४५ ला बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, कारण कोणाकडे धाकटं भावंड सांभाळायला, कोणाला गुरं. मग ह्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, झाडाखाली, दाराशी. अंगणातली बालवाडी, म्हणून अंगणवाडी. पुढे १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मला ही गोष्ट आईनं सांगितलेली आणि ती सांगताना तिचा आवाज नेहमी बदलायचा.

आता खरं पण सांगते. सेविकेवर सर्व्हे, रजिस्टर, मोबाईलवर माहिती भरणं, बैठका एवढं पडतं की मुलांसोबत बसायला वेळ किती उरतो हे त्या त्या अंगणवाडीवर आहे. आई रात्री स्वयंपाकघरात बसून रजिस्टरं भरायची म्हणजे सकाळी मुलांना दोन तास देता येतील. सगळ्यांना ते जमत नाही आणि त्यांचा दोष पण नाही. तेव्हा फोंडेकरीणताई, तुम्ही सकाळी दहा वाजता न सांगता जा, दारात उभ्या राहा आणि नुसतं बघा, सतरंजीवर मुलं काही करतायत की नुसती खाऊची वाट बघत बसलीत. काहीही ठरवलं तरी वजन-उंची मात्र अंगणवाडीत नोंदवत राहा. वाढीच्या तक्त्यावर रेघ आडवी झाली की ते आधी तिथं कळतं.

म्हापशाची_आई
अंगणवाडीतली_लेक, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

मी डे केअरच्या अंगानं लिहिते कारण माझी शिफ्ट आहे आणि मुलगी दीड वर्षाची असल्यापासून बाहेर राहिली. मी पाच ठिकाणं बघितली तेव्हा काय बघायचं हेच माहीत नव्हतं, भिंतीवरची कार्टून बघून आले. आता कोणी विचारलं तर सांगते की भिंती सोडा, माणसं बघा. मूल रडत असताना बाई काय करते? उचलते, जवळ बसते, की लांबून "नो क्रायिंग" म्हणते? बाई मुलाशी बोलताना खाली बसते की उभ्यानं बोलते? टॉयलेटला मुलाला कोण नेतं, दार आतून लागतं का? फाटक बंद असतं का आणि मुलाला न्यायला कोण येणार हे लिहून घेतात का? व्हॅन असेल तर ड्रायव्हर सोडून आणखी एक माणूस असतो का, आणि उतरल्यावर सीट बघतात का? टीव्ही आहे का? एका ठिकाणी मुलं टीव्हीसमोर ओळीनं बसवलेली, सगळी गप्प, आणि मला सांगितलं बघा किती शिस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना आहेत, ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं, तीन तास हालचाल हवी आणि १० ते १३ तास झोप दुपारची धरून. आमच्या मुलीची झोप व्हॅनसाठी सहाला उठून मोडायची, नवाला झोपायची, दुपारची झोप नाही, हिशोब करा. घराजवळचं ठिकाण असेल तर व्हॅनमध्ये जाणारा पाऊण तास झोपेला मिळतो, हे मला फार उशिरा कळलं.

रडण्याबद्दल. रडणारच. पहिल्या आठवड्यात गुपचूप निघून जाऊ नका, सांगून जा, "जेवणाच्या आधी येते" असं त्याला समजेल असं सांगा (वाजले किती ते त्याला कळत नाही, जेवण कळतं) आणि खरंच त्या वेळी या. आमच्याकडे ओढणीचा एक तुकडा तिच्या बॅगेत ठेवायचो, तो नाकाशी धरून बसायची. दोन आठवड्यांत विसरली.

सत्तरीचा_मास्तर
भाषेचा मुद्दा राहिला तो घेतो. सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून शिकवतो, २४ वर्षं झाली. वर्गात अर्ध्या मुलांची घरची बोली कोंकणी, दोन-चार घरांत धनगरी वळणाची मराठी, हल्ली कामाला आलेल्या लोकांची मुलं आहेत, त्यांची कन्नड आणि हिंदी.

"म्हाका उदक पाहिजे" ह्या वाक्यात काहीही चुकलेलं नाही. उलट बघा, आजीचं "म्हाका उदक" आणि आईचं "पाहिजे" त्यानं बरोबर जागी बसवलंय, कर्ता, वस्तू, क्रियापद सगळं जागच्या जागी. दोन भाषा ऐकणारी मुलं काही काळ अशी मिसळ करतात आणि चार-पाच वर्षांपर्यंत कोणाशी काय बोलायचं हे आपोआप वेगळं करतात. दोन भाषांमुळे मूल बोलायला मागं पडतं हे खरं नाही. २ वर्षं पूर्ण होऊन दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल तर भाषेला दोष न देता आधी कान तपासून घ्यावे, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, ते वेगळं. तुमचा मुलगा तर वाक्य बोलतोय.

घरात इंग्लिशच बोला म्हणणाऱ्यांना मला एक विचारावंसं वाटतं. आजीला इंग्लिश येत नाही, म्हणजे आजीनं गप्प बसायचं? ह्या वयात मुलाला जे हवं ते भरपूर बोलणं, प्रश्न, गोष्टी, भांडण, समजूत. जी भाषा आपल्याला तुटकी येते तिच्यात आपण मुलाशी "कम हिअर, सिट, ईट" एवढंच बोलतो. आपल्या भाषेत आपण सांगतो की पेज गरम आहे, कडेकडेनं खा, मधे हात घालू नको, आणि त्यात कारण येतं, क्रम येतो, गरम-गार येतं. पुढं इंग्लिश शिकायला पण हाच पाया लागतो. इंग्लिश शिकू नये असं मी म्हणत नाही, माझी स्वतःची मुलगी इंग्लिशमध्ये इंजिनीअर झाली, बालवाडी-प्राथमिक मराठीतून.

गोव्यात प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून २०११ पासून केवढं आंदोलन झालं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. मी वर्गातलं बोलतो.

एक उदाहरण देतो. आमच्या शाळेच्या आवारातच बालवाडी भरते. दर वर्षी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी बाई मुलांना घरून माटोळीचं (गणपतीच्या वर फळं, रानफळं बांधतात ती) एकेक सामान आणायला सांगतात. कोणी सुपारीचं शिपटं आणतं, कोणी आंबाडे, कोणी तोरंजन, आमच्याकडे रान जवळ म्हणून कांगलां, कवंडळ असलं पण येतं. मग सगळं चटईवर पसरतात. हे केवढं, ते केवढं, गोल कुठलं लांबट कुठलं, खरखरीत कुठलं, वास कशाला येतो, खायचं कुठलं आणि नुसतं बांधायचं कुठलं. साडेचार वर्षांची एक मुलगी, शाळेत तोंड उघडायची नाही, तिचा बाप रानातून माटोळीचं सामान आणून बाजारात विकतो. त्या दिवशी तिनं एकटीनं अकरा नावं सांगितली, बाईंना माहीत नसलेली दोन. बाईंनी सगळ्या मुलांना तिच्याभोवती बसवलं आणि ती सांगत होती, मुलं मागून म्हणत होती. त्या दिवसानंतर ती मुलगी वर्गात बोलायला लागली. इंग्लिशच बोला म्हटलं असतं तर तिच्याकडे सांगण्यासारखं काय उरलं असतं?

फोंडेकरीण
मास्तर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, उठून मुलाला घेऊन पोरसात गेल्या आणि अर्धा तास त्याला कुठलं आळू खाजतं ते सांगत होत्या.

काणकोणचो
एक लहानसा प्रश्न. आमच्याकडे "मॉंटेसरी" अशी पाटी लावलेली नवीन शाळा निघालीय, फी बरीच आहे, ती वेगळी असते का?

बालवाडीच्या_बाई
नाव कोणीही लावू शकतं, त्यावर बंधन नाही, म्हणून आत जाऊन बघायचं. मारिया मॉंटेसरी डॉक्टर होत्या, १९०७ ला त्यांनी रोममध्ये गरीब कामगारवस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालगृह काढलं. म्हणजे जी पद्धत आज सगळ्यात महागडी म्हणून विकतात ती निघाली गरिबांच्या मुलांसाठी. खऱ्या वर्गात अडीच ते सहाची मुलं एकत्र असतात, मूल स्वतः साहित्य उचलतं, हवा तेवढा वेळ वापरतं आणि जागेवर ठेवतं, बाई कमी बोलते. सगळी मुलं एकाच वेळी एकच वर्कशीट रंगवत असतील तर पाटीवर काय लिहिलंय ह्याला अर्थ नाही. किंडरगार्टन पण तसंच, फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकानं १८३७ ला सुरू केलं, शब्दाचा अर्थच मुलांची बाग. केजी म्हणताना बाग कोणाच्या मनात येते?

पेडण्याचा_बाबा
दोन दिवस लिहायचं की नाही विचार करत होतो. धाकटीबद्दल मी अर्धंच लिहिलं होतं.

तिला मोठ्या नर्सरीत घातल्यावर सहा महिन्यांनी सकाळी पोट दुखायला लागलं. रविवारी नाही, सुटीत नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही नाही. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी चित्रं काढत बोलले. बाहेर येऊन मला म्हणाले, पोटात काही नाही, तिला वही वाटायची वेळ आवडत नाही. माझी मुलगी तीन वर्षांची होती. मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

तिला काढलेलं नाही अजून, कारण मोठ्याचं झालं ते परत होईल ही भीती जात नाही. पण साखळीकरांनी लिहिलं ते घेऊन परवा शाळेत गेलो, वर्गशिक्षिकेला भेटलो, ऑफिसात नाही. म्हटलं माझ्या मुलीला यंदा लिहायचा होमवर्क नको, मी जबाबदारी घेतो. ती शिक्षिका तरुण आहे, दोन मिनिटं गप्प राहिली आणि म्हणाली, सर, असं सगळ्या पालकांनी सांगितलं तर आम्हाला पण बरं होईल, पालकच विचारतात वहीत काही का नाही म्हणून. हे मला माहीत नव्हतं. मी पण विचारणाऱ्यांतलाच एक होतो.

म्हापशाची_आई
बाबा, लिहिलंत ते फार बरं केलंत. खेळून आलेल्या मुलाची वही कोरीच असते, आणि आपण दारात विचारतो "आज काय शिकलास". मी हल्ली विचारते आज कोणाबरोबर खेळलीस, कोण रडलं, खाऊ कोणाला दिलास. भडाभडा बोलते.

फोंडेकरीण
सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे न सांगता जाऊन आले.

अंगणवाडीत सेविका चांगल्या आहेत पण त्या दिवशी बैठकीला गेलेल्या, मदतनीस एकट्या, स्वयंपाक आणि नऊ मुलं. मुलं खरंच वाट बघत बसलेली. मदतनीस बिचाऱ्या डाळ ढवळता ढवळता गोष्ट सांगत होत्या.

मग बालवाडीत गेले. दारात चपला ओळीत, लहान लहान, डाव्या-उजव्या उलट्यासुलट्या. आत चार-पाच मुलं मातीच्या गोळ्यांचे लाडू करत होती, दोघं एका परातीत पाणी घेऊन कपातून बाटलीत ओतत होती. एकानं फनेल लावला नाही आणि सगळं बाहेर सांडलं. मी बघत होते आता बाई काय करतात. बाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त जवळ येऊन जमिनीवर बसल्या. त्या मुलानं सांडलेलं बघितलं, बाटली बघितली, मग फनेल उचलून बाटलीत घातला, परत ओतलं आणि बाटली भरली. मग त्यानं बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "आता फडकं खंय आसा (कुठं आहे)?" तो उठून फडकं घेऊन आला, पुसलं आणि बादलीवर पिळलं. बालवाडीच्या_बाई, तेव्हा मला तुमची आठवण आली.

त्रुटी पण आहेत. टॉयलेट वर्गाच्या मागं आहे, पावसात छत्री घेऊन न्यावं लागतं. पुस्तकं जेमतेम पंधरा, त्यातली निम्मी फाटलेली. खोलीचा एक कोपरा गळतो. बाईंना मी लिहायला कधी शिकवता विचारलं तर म्हणाल्या, "शेवटच्या वर्षी, हात मागायला लागला की." असं उत्तर मला कुठंच मिळालं नव्हतं.

घरी बोललो. नवऱ्याचं एवढंच म्हणणं होतं की पुढं पस्तावणार नाही ना. मी त्याला शनिवारी घेऊन गेले, तो दारात उभा राहिला आणि दहा मिनिटांनी म्हणाला, त्या गळक्या कोपऱ्याला एक पत्रा मारून देतो मी.

बालवाडीत घालतोय.

अंगणवाडीतली_लेक
छान झालं. पुस्तकांसाठी पालकांनी थोडे थोडे काढून जाड पानांची आणा, जुनी चालतील. आणि त्या मदतनीस ताईंना माझा नमस्कार.

साखळीकर
अनुमोदन. एक लक्षात ठेवा, पालकांची सभा होते तिला वर्षभर जात राहा. टॉयलेटकडे जायच्या वाटेवर पत्र्याचं छप्पर हा विषय पालकांनी मिळून लेखी दिला तर पुढं सरकतो, एकट्यानं तोंडी सांगून नाही.

फोंडेकरीण
लोकहो, धागा वर आणतेय. जूनपासून जातोय. चार दिवस रडला, पाचव्या दिवशी मी सांगून निघाले तर "पेजेच्या वेळार यो" (पेजेच्या वेळी ये) म्हणाला आणि पाठ करून आत गेला. आता घरी आल्यावर सगळ्या उशा ओळीत मांडून हजेरी घेतो, सासूबाईंना "हजर बाई" म्हणावं लागतं. सर्दी दोनदा झाली. चड्डी स्वतः वर ओढतो, बटण अजून जमत नाही. जुलैत पंधरा दिवस एक मोठा मुलगा ढकलायचा म्हणून जायला तयार नव्हता, बाईंनी दोघांना मिळून बादली उचलायचं काम दिलं, आता त्याच मुलाचं नाव झोपेत पण घेतो. पत्रा मारला. छपराचा अर्ज चौदा पालकांच्या सह्यांनी दिलाय, अजून उत्तर नाही. अंगणवाडीत महिन्याला वजन करून आणते, रेघ वर आहे.

आता एक मदत हवीय. बाईंना मास्तरांचा माटोळीचा प्रतिसाद दाखवला होता, त्यांनी मनावर घेतलंय, पुढच्या सोमवारी सगळ्यांनी एकेक वस्तू आणायचीय. मुलानं घरी येऊन सांगितलं "म्हाका कांगलां जाय" (मला कांगलां हवीत), आणि आमच्याकडे ती मिळत नाहीत. फोंड्याच्या बाजारात माटोळीचं सामान चवथीच्या अगदी दोन दिवस आधी येतं, तोवर उशीर होईल. मास्तर, वाळपईहून कोणी इकडे येणारं असेल तर एक घोस मिळेल का?

सत्तरीचा_मास्तर
शनिवारी फोंड्याला येतोय, कदंबा बसस्टँडवर साडेदहाला. कांगलां आणतो, कवंडळ पण आणतो एक. कवंडळ कडू असतं, मुलांना तोंडात घालायला देऊ नका. ती नावं सांगणारी मुलगी आता दुसरीत आहे, तिच्याकडूनच घेईन.